तबकडी वाजण्याआधी

फ्रिज घेतला की कंपनीचा माणूस घरी येतो, खोकं फोडतो, फ्रिज जागेवर सरकवतो आणि "तीन तास चालू करू नका" असं बजावून सही घेऊन जातो. वॉशिंग मशीन घेतलं तर तो नळाची तोटीही बदलून देतो. पाण्याच्या फिल्टरचासुद्धा हल्ली 'डेमो' असतो आणि तो घरच्या सगळ्यांनी उभं राहून बघायचा असतो. टर्नटेबल घेतलं की मात्र कोणीही येत नाही. खोक्यातून एक थाळी, एक रबरी पट्टा, एक दांडी, दांडीला मागून लावायचं एक गोल वजन आणि मराठी सोडून बाकी बऱ्याच भाषांत छापलेलं एक पुस्तक निघतं. यंत्राचं शेवटचं दहा टक्के काम कारखान्याने मुद्दाम अर्धवट सोडलेलं आहे आणि ते आपण करायचं आहे, हे कळायला जरा वेळ लागतो. त्यातही नियम असा की यंत्र जितकं महाग, तितकं ते जास्त सुटं येतं. स्वस्तातल्या टर्नटेबलाची सुई, वजन, सगळं कारखान्यातच बसवलेलं असतं. लाखभर रुपये मोजणाऱ्याला सुईसुद्धा वेगळी विकत घ्यावी लागते, आणि तो ते अभिमानाने सांगतो.

एके काळी हा प्रश्नच नव्हता. एचएमव्हीचा फिएस्टा नावाचा प्लेअर अनेक मराठी घरांत होता. सुटकेसएवढं ते प्रकरण. उघडायचं, भिंतीतल्या प्लगात पिन खुपसायची, रेकॉर्ड ठेवायची, दांडी उचलून कडेला आणून सोडायची. अँप्लिफायर त्याचा त्यालाच होता. त्याच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे दांडीच्या टोकाला सुई धरणाऱ्या डबीत, सिरॅमिकचा तुकडा असे आणि तो एवढा ठणठणीत सिग्नल देई की मध्ये कोणाची मदत लागत नसे. त्या बदल्यात सुई तबकडीवर चांगली पाचसहा ग्रॅमांनी बसायची. इतकं करून ती अडखळलीच, तर वडीलधारी मंडळी दांडीवर चार आण्याचं नाणं ठेवत. नाणं ठेवलं की सुई निमूट पुढे जायची, कारण आता ती जाता जाता खाचही कोरत जायची. त्या रेकॉर्डी आज चांगल्या सुईखाली धरल्या की जी खरखर ऐकू येते, तिला घरचे लोक 'जुन्या काळाचा गोडवा' म्हणतात. ती पावलीची करणी आहे.

आता हे यंत्र पुन्हा घराघरांत शिरलं आहे. अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा विनाईलच्या तबकड्या संख्येने जास्त खपल्या, आणि असं १९८७ नंतर पहिल्यांदाच घडलं. आपल्याकडे टर्नटेबल घेणाऱ्यांच्या सध्या दोन जाती दिसतात. एकीकडे, वडिलांच्या रेकॉर्डी माळ्यावर असलेले निवृत्त लोक. दुसरीकडे, हिंजवडीला नोकरी करणारे तरुण, ज्यांच्याकडे यंत्र उत्तम असतं पण रेकॉर्ड एकच असते आणि तीही भिंतीवर फ्रेम करून लावलेली. आमच्या सोसायटीतले काका पहिल्या जातीतले. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो. तिकडे कोणीतरी गॅरेजमध्ये विकायला मांडलेलं सत्तरच्या दशकातलं एक देखणं टर्नटेबल त्याने उचललं. ज्या बॅगेतून जाताना मेतकूट आणि बेसनाचे लाडू गेले होते, त्याच बॅगेतून येताना ते पुण्यात आलं.

तिकडची वीज १२० व्होल्टची असते हे काकांना ठाऊक होतं. त्यांनी तपकीर गल्लीतून एक ट्रान्सफॉर्मर आणला, जो वजनाला टर्नटेबलापेक्षा भारी होता. दांडी अंदाजाने लावली, मागची लाल-पांढरी वायर टीव्हीच्या होम थिएटरला खुपसली आणि हिराबाई बडोदेकरांची एलपी चढवली. आवाज पूर्ण वाढवल्यावर काहीतरी ऐकू यायला लागलं. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, लांबून कोण गृहस्थ गाताहेत हो? किराण्याचेच वाटतात. आणि मागे तंबोरा जरा जास्तच लागलाय का?"

टर्नटेबल लावताना काय काय चुकू शकतं, याचं इतकं नेमकं निदान मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. गृहस्थ का, लांबून का आणि तंबोरा कसला, हे तीन प्रश्न ज्याला सोडवता आले त्याचं टर्नटेबल लागलं.

गृहस्थांचं आधी बघू. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, विजेची फ्रिक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेत वीज सेकंदाला साठ आवर्तनांची, आपल्याकडे पन्नास. त्या काळातल्या पुष्कळ टर्नटेबलांची मोटर या आवर्तनांच्या तालावरच फिरते. म्हणजे साठाच्या हिशेबाने केलेलं यंत्र इथे पाच षष्ठांश वेगाने चालणार. मिनिटाला ३३⅓ ऐवजी पावणेअठ्ठावीस फेरे. सूर तीन पट्ट्यांहून थोडा जास्तच उतरतो, काळी चारला गाणारी बाई पांढरी चारच्याही खाली जाते, आणि ख्याल आधीच विलंबित असेल तर सम येईपर्यंत चहा होतो. हल्लीची बहुतेक यंत्रं मोबाइलच्या चार्जरसारख्या अडॅप्टरवर चालतात, त्यांना हा त्रास नाही. काकांच्या यंत्राला उपाय एकच होता. मोटरच्या दांड्यावरची, पट्टा फिरवणारी पुली सव्वा पटीला थोडी कमी, म्हणजे नेमकी १.२ पट जाड करून घेणे.

काका नाना पेठेतल्या एका लेथवाल्याकडे गेले. मीही बरोबर होतो.

"कशाची पुली?"

"गाण्याच्या मशीनची. मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे पडले पाहिजेत."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "काका, एक तृतीयांश कशाला? राउंड तेहेतीस करून देतो."

"एक टक्का कमी पडेल हो."

"गाण्यात एक टक्का कोणाला कळतोय?"

काकांची सगळी नोकरी बँकेत झाली होती. एक टक्का म्हणजे काय, हे त्यांनी तिथेच उभं राहून मास्तरांना चक्रवाढीने समजावून सांगितलं. पुली पितळेची, दोन पायऱ्यांची आणि अप्रतिम झाली. मापात काम करणारी माणसं पुण्यात अजून आहेत, फक्त ती गाण्याच्या दुकानात नाहीत.

वेग बरोबर आला की नाही हे तपासायची युक्ती जुनी आणि फार सुंदर आहे. कागदाच्या चकतीवर वर्तुळात १८० रेघा छापायच्या आणि ती फिरत्या थाळीवर ठेवायची. आपल्या विजेवरचा दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. वेग ३३⅓ असेल तर त्या उजेडात रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. कमी-जास्त असेल तर मागे किंवा पुढे सरकतात. अडचण एवढीच की घरोघरी आता एलईडी लागले, आणि त्यांतले कित्येक लुकलुकतच नाहीत. शेवटी काकांनी सोसायटीच्या जिन्यातली जुनी, चोकवाली ट्यूब तात्पुरती काढून आणली. ती ट्यूब चक्क लुकलुकते म्हणून बदला, असा ठराव गेल्या वार्षिक सभेत काकांनीच मांडला होता.

आता जागा. टर्नटेबलाला सपाट जागा लागते आणि आपल्या फ्लॅटमध्ये सपाट जागा नसते. बिल्डरने फरशीला मोरीकडे उतार दिलेला असतो, निदान द्यायचा प्रयत्न केलेला असतो. थाळी कलती असेल तर दांडी उताराकडे ओढ घेते आणि एका बाजूची भिंत जास्त घासते. त्यासाठी पाणसळ हवी. गच्चीचं वॉटरप्रूफिंग चालू होतं, तिथल्या गवंड्याकडून काकांनी ती मागून आणली, तर पाठोपाठ कुतूहलाने गवंडीही आला. बुडबुडा बघून म्हणाला, "एक नंबर काम आहे साहेब. पाणी बरोबर मोरीला जातंय."

मग जड पाया. सुई ज्या थरथरी वाचते त्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजाव्या लागतात, त्यामुळे तिला गाण्याची थरथर आणि वॉशिंग मशीनची थरथर यांतला फरक कळत नाही. ती सगळं इमानदारीने वाचते. परदेशात यासाठी ग्रॅनाइटचे, मेपलच्या लाकडाचे महागडे ठोकळे विकतात. आपल्याकडे ओट्याचा उरलेला कडाप्पा गॅलरीत उभा असतोच. त्याच्याखाली रबराचे चार तुकडे दिले की काम होतं, आणि याहून चांगलं काम ते ठोकळे करतात असं मला वाटत नाही. स्पीकर मात्र त्याच टेबलावर ठेवू नयेत. स्पीकर टेबल हलवतो, टेबल सुईला हलवतं, सुई ते पुन्हा स्पीकरला सांगते, आणि सगळं घर घुमायला लागतं. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी तर यंत्राला हात लावू नये. डीजेच्या भिंतीपुढे जिथे खिडक्यांच्या काचा थरथरतात, तिथे सुईने काय टिकाव धरायचा!

शोकेसमधली जागा अर्थातच मिळाली नाही. तिथे गणपती, ताजमहाल आणि लग्नात आलेला, अजून न उघडलेला डिनर सेट होता. काकांनी अटी वाचून दाखवल्या. झाकण उघडायला वर मोकळं हवं, वायरींसाठी मागे हवं, ऊन नको, शेजारी स्पीकर नको, समोरून कोणी धपधप चालायला नको. काकू म्हणाल्या, "मग त्यालाच आतली खोली द्या आणि तुम्ही हॉलमध्ये झोपा." तोडगा तसाच काहीसा निघाला.

यानंतर दांडीचं वजन. या भागाला लोक उगाच घाबरतात, आणि खरं तर हाच सगळ्यात समाधानाचा भाग आहे. दांडीच्या मागचं गोल वजन फिरवत फिरवत अशा जागी आणायचं की दांडी हवेत आडवी तरंगली पाहिजे, वर नाही, खाली नाही. मग वजनावरच्या आकड्यांची चकती शून्यावर आणायची आणि कार्ट्रिजवाल्याने सांगितलं असेल तितकं वजन पुढे द्यायचं. बहुतेक वेळा ते पावणेदोन-दोन ग्रॅम असतं. जुन्या मापात सांगायचं तर दोन माशांना थोडं कमी. खात्री करायला सराफी काटा लागतो आणि तो आता काही शे रुपयांत घरपोच येतो. काकांचा काटा आल्यावर पहिले दोन दिवस त्यावर काकूंच्या कुड्या आणि मंगळसूत्रातल्या वाट्या चढल्या. सराफाने सांगितलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांत जो फरक निघाला, त्याची चर्चा या लेखाच्या बाहेरची आहे.

इथे आपला काटकसरी स्वभाव आड येतो. काकांचं म्हणणं, कंपनी १.८ ग्रॅम सांगते तर आपण एकच देऊ, तेवढीच रेकॉर्ड कमी झिजेल. होतं उलटं. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, जोरदार तान आली की उडते आणि पडताना खाचेच्या भिंतीवर आपटते. वजन थोडं जास्त झालेलं परवडतं, कमी झालेलं परवडत नाही. एलपीच्या एका बाजूची खाच उलगडली तर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास भरते, आणि तेवढी वाट सुईच्या मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढ्या टोकाने वीसबावीस मिनिटांत चालायची असते. त्या टोकाला धड उभं तरी राहू द्यावं.

कार्ट्रिजच्या मागे केसाएवढ्या चार वायरी असतात. पांढरी आणि निळी डाव्या कानाची, लाल आणि हिरवी उजव्या कानाची. एका कानाची जोडी उलटी लागली तर गाणारा माणूस समोरून नाहीसा होतो आणि आवाज खोलीभर कुठून तरी येत राहतो. काकांच्या हाताला कंप होता, माझ्या डोळ्यांना चाळिशी. काकूंनी भुवया कोरायच्या चिमट्याने चारही वायरी बसवल्या आणि त्या कुकर उतरवायला गेल्या.

आता 'लांबून' का, ते. साध्या चांगल्या कार्ट्रिजमधून चारपाच मिलिव्होल्टचा सिग्नल निघतो. होम थिएटरच्या 'ऑक्स'ला शेकड्याने मिलिव्होल्ट लागतात. म्हणजे आधी तो साठसत्तर पट वाढवायला पाहिजे. ते काम फोनो प्रीअँप नावाची डबी करते. पण नुसतं वाढवून भागत नाही, आणि या यंत्रातली खरी गंमत इथे आहे. तबकडी कापताना खर्जाचा आवाज आहे तसा कोरला तर खाच इतकी आडवी हलते की शेजारच्या खाचेत घुसते. मग खाचा लांब लांब घ्याव्या लागतात आणि एलपीवर मावणारी गाणी निम्मी होतात. उलट तार स्वर इतके बारीक कोरले जातात की ते खरखरीत बुडतात. म्हणून कापतानाच खर्ज मुद्दाम दाबतात आणि तार उचलतात. ऐकताना प्रीअँपने बरोबर त्याच्या उलट करायचं असतं. कुरडया वाळवून डब्यात भरायच्या आणि खाताना तळून फुलवायच्या, तसलाच हा प्रकार. किती दाबायचं आणि किती उचलायचं याचं प्रमाण अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे आरआयएएने, १९५४ साली ठरवून दिलं. त्याआधी प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा होता. प्रीअँप न लावता थेट 'ऑक्स'ला जोडलेली तबकडी म्हणूनच किरकिरी, पाय नसलेली आणि लांबची वाटते. त्यात गायकाचा दोष नसतो.

बाजारात हल्ली आत प्रीअँप बसवलेली टर्नटेबलं येतात. त्यांच्या पाठीमागे एक बारीकसं बटण असतं, एका बाजूला 'फोनो', दुसऱ्या बाजूला 'लाइन'. तुमच्या अँपला फोनोची जागा असेल तर बटण फोनोवर, नसेल तर लाइनवर. एवढंच लक्षात ठेवायचं. दोन्हीकडचे प्रीअँप एकदम लागले तर खर्ज दोनदा फुलतो आणि तबल्याचा बायाँ भिंतीवरची कॅलेंडरं हलवतो. मला आलेल्या निम्म्या फोनांचं उत्तर हे बटण असतं. त्याला हात लावण्याआधी लोकांनी नवे स्पीकर घेतलेले असतात.

काकांच्या भाच्याने सुचवलं, "मामा, ब्लूटूथ ट्रान्समीटर लावा ना, वायरींची कटकटच जाईल." म्हणजे ज्या खाचेतला आवाज अखंड, न तोडलेला म्हणून एवढा खटाटोप, त्याचे पुन्हा आकडे करायचे, दाबून हवेतून पाठवायचे आणि दहा फुटांवर परत आवाज करायचा. काकांना ते पाप वाटलं. काकूंना पटलं, कारण हॉल मोकळा होत होता. व्यवहार म्हणून बघितलं तर काकू चुकत नव्हत्या. पण एवढी दांडी तोलून शेवटी ब्लूटूथच ऐकायचं असेल तर मोबाइलने काय घोडं मारलं होतं?

राहिला तंबोरा. तो पन्नास आवर्तनांचा घुमारा असतो आणि टर्नटेबलाच्या मागून निघणारी एक सडपातळ, बहुधा हिरवी वायर लोंबकळत राहिली की तो सुरू होतो. ती प्रीअँपच्या 'जीएनडी' लिहिलेल्या स्क्रूखाली आवळायची, की तो जातो. जात नसेल तर घराचं अर्थिंग तपासावं. काकांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो म्हणाला, "काका, अर्थिंग आहे की." प्लगाच्या तिसऱ्या भोकाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे काय." स्विचबोर्ड उघडला तर त्या तिसऱ्या भोकाच्या मागून एक हिरवी वायर निघत होती, भिंतीत दोन इंच जात होती आणि तिथे संपत होती. बिल्डरने अर्थिंग दिलं होतं, पृथ्वी दिली नव्हती. गेली कितीतरी वर्षं त्याच प्लगावर त्या घरची इस्त्री आणि गीझर चालला होता. टर्नटेबलाने संगीताचं काय केलं ते बाजूला राहू द्या, त्या घरात कोणाचा तरी जीव वाचवला असण्याची शक्यता आहे.

यंत्र लागलं अशी बातमी फुटली की जाणकार यायला लागतात. ते वाजणारी तबकडी ऐकत नाहीत, वायरी बघतात. "ही वायर? या सेटअपला?" असं म्हणून ते दुःखी होतात. कोणी सांगतं, वायर फरशीला टेकू देऊ नका. कोणी सांगतं, अँटी-स्केटिंगचा, म्हणजे दांडीला मध्याकडे ओढू न देणाऱ्या ताणाचा, आकडा वजनाएवढा ठेवा. दुसरा म्हणतो, छे, निम्मा ठेवा. दोघांचं त्यावरून वाजतं आणि काकू दुसरा चहा टाकतात. 'अॅनालॉगचा ऊबदारपणा' हा शब्दप्रयोग तर चहाबरोबर येतोच. या मंडळींसाठी एक घटना सांगून ठेवतो. अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी शुद्ध अॅनालॉगवाल्यांची लाडकी. मूळ टेपवरून थेट तबकडी, अशी तिची ख्याती आणि किंमतही तशीच. २०२२ साली तिच्याच इंजिनिअरांनी मान्य केलं की कित्येक वर्षं त्यांच्या बऱ्याच तबकड्यांच्या वाटेत एक डिजिटल टप्पा होता. त्याआधी त्याच तबकड्या ऐकून ऊब वाटलेल्या सोनेरी कानांपैकी कोणाला ते आवाजावरून कळलं नव्हतं.

माझं मत विचाराल तर थाळी सपाट, सुईचं वजन बरोबर, योग्य जागी एकच प्रीअँप आणि आवळलेली अर्थिंगची वायर, एवढं जमलं की नव्वद टक्के काम झालं. उरलेल्या दहा टक्क्यांवर लोक लाखो रुपये घालतात आणि आनंदाने घालतात. घालू देत. पण नवशिक्याने त्यांचं ऐकून वायरीवर पैसे खर्च करण्याआधी सुई नवी घ्यावी आणि रेकॉर्डी धुवाव्यात.

धुण्यासाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोनचार थेंब पुरतात. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने, गोल गोल. मधला कागद भिजू द्यायचा नाही. स्पिरिटने पुसायचा सल्ला कोणी दिला तर आधी रेकॉर्ड कोणती आहे ते बघा. ७८ आरपीएमच्या जुन्या रेकॉर्डी विनाईलच्या नसतात. लाख आणि दगडाची पूड यांच्या असतात. ही लाख बरीचशी आपल्याच छोटा नागपूरच्या जंगलातली, झाडांवरच्या किड्यांनी केलेली. स्पिरिटमध्ये ती विरघळते. गौहरजानने १९०२ साली कोलकात्यात गाणं संपताना स्वतःचं नाव इंग्रजीत सांगितलं, ते अशाच तबकड्यांवर शंभराहून जास्त वर्षं टिकलं. पुढे गजानन वाटवे, ग. ना. जोशी यांची भावगीतं घराघरांत पोचली तीही यांच्यावरूनच. बाटलीभर स्पिरिटने एका दुपारी ते सगळं पुसून टाकता येतं.

काकांचं टर्नटेबल आता रोज संध्याकाळी वाजतं. हिराबाई हिराबाईंसारख्या वाजतात. बाजू वीसबावीस मिनिटांत संपते, दांडी आपोआप उठत नाही, आणि कोणीतरी उठून ती उचलावी लागते. या एका कारणाने काका संध्याकाळच्या मालिका बघायचे थांबले आहेत. काकूंनी ही यंत्राची सगळ्यात मोठी सोय म्हणून मान्य केली आहे.

तुमच्याही माळ्यावर रेकॉर्डी असतील तर टर्नटेबल घ्या किंवा घेऊ नका, पण एवढं करा. एकावर एक आडव्या रचल्या असतील तर आजच उभ्या करा, नाहीतर खालच्या वाकतात आणि ७८च्या असतील तर तडकतात. पावसाळ्याआधी माळ्यावरून खाली आणा, ओल आणि बुरशी कागदी कव्हरांपासून सुरुवात करते. पश्चिमेच्या भिंतीला लावून ठेवू नका. रद्दीवाल्याला भाव विचारण्याआधी कोणा संग्राहकाला दाखवा. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स नावाची, रेकॉर्डी जमवणाऱ्या लोकांची संस्था आहे. आणि ७८च्या तबकडीला एलपीची सुई कधीही लावू नका. तिची खाच कितीतरी जास्त रुंद असते, तिची सुई वेगळी मिळते.